कारखान्याच्या दारापासून शेताच्या बांधापर्यंत

पिकावर फवारायच्या विषाला आपल्याकडे 'औषध' म्हणतात. 'सोयाबीनवर औषध मारायचंय', 'दुकानातून औषध आणलं', असे आपण सहज बोलून जातो. शब्द अगदीच खोटा आहे असे नाही. किडीच्या तावडीतून पीक वाचवते, म्हणून पिकाच्या दृष्टीने ते औषध खरे. पण जो माणूस ते पाण्यात कालवतो, पंप पाठीला लावतो आणि दिवसभर त्या तुषारांतून चालतो, त्याच्या दृष्टीने ते विषच असते.

आजचा विषय इतिहासाचा आहे. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण काम करणाऱ्या माणसाच्या श्वासालाही इतिहास आहे. कामाच्या जागी विषारी द्रव्यांपासून माणसाचे रक्षण केले पाहिजे, हे समाजाला केव्हा उमगले, त्यासाठी काय किंमत पडली, आणि ते रक्षण आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या शिवारापर्यंत पोचले की वाटेतच थांबले, याचा थोडा मागोवा आपण घेऊ.

आरंभ इटलीपासून करावा लागतो. तेथे बर्नार्डिनो रामाझिनी नावाचा एक वैद्य होऊन गेला. इ. स. १७०० मध्ये त्याने कामकऱ्यांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. कुंभार, रंगारी, मुलामा देणारे, खाणीत उतरणारे, अशा कितीतरी धंद्यांतल्या माणसांना त्याने त्यांच्या कामाच्या जागी जाऊन पाहिले. वैद्याने रोग्याला जे प्रश्न विचारावेत, त्यांत त्याने एका प्रश्नाची भर घातली: 'तू काम काय करतोस?' प्रश्न साधा, पण मोठ्या मोलाचा. रोग हा दैवाचा किंवा शरीराचाच दोष असतो असे नाही, तो कामातूनही येतो, हे त्या प्रश्नात गृहीत आहे. पुढे १७७५ मध्ये लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी दाखवून दिले, की धुराडी साफ करणाऱ्यांना होणारा एक कर्करोग काजळीमुळे होतो. लहानपणापासून ज्यांना धुराड्यात उतरवले जाई, अशांचा हा रोग. अमुक पदार्थ आणि अमुक रोग यांची अशी गाठ पडली.

पण गाठ पडली म्हणून रक्षण झाले असे नाही. ते कसे झाले, हे पाहायला काडेपेटीची गोष्ट घेऊ. काडेपेटी घरोघरी असते, म्हणून ही गोष्ट सर्वांना कळेल.

एकोणिसाव्या शतकात युरोपात काड्यांच्या गुलाला पांढरा फॉस्फरस वापरीत. अशी काडी कशावरही घासली तरी पेटे, म्हणून गिऱ्हाइकाला सोयीची. पण कारखान्यात त्या फॉस्फरसाची वाफ कामकऱ्यांच्या नाकातोंडात जाई. आधी दात दुखू लागत, मग हिरड्या सुजत, आणि शेवटी जबड्याचे हाडच सडू लागे. दुर्गंधीमुळे घरच्या माणसांनाही जवळ बसवेना. काही जण यातच मेले, काहींचा जबडा कापून काढावा लागला.

लंडनच्या ब्रायंट अँड मे या काडेपेटीच्या कारखान्यात १८८८ च्या जुलैमध्ये सुमारे चौदाशे बाया आणि मुलींनी संप केला. तेथली हकीकत त्याआधी वर्तमानपत्रात कोणी मांडली? अ‍ॅनी बेझंट यांनी. होय, त्याच अ‍ॅनी बेझंट, ज्या पुढे १८९३ मध्ये हिंदुस्थानात आल्या, ज्यांनी होमरूलची चळवळ केली आणि १९१७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले. त्या मुलींचे गाऱ्हाणे मुख्यतः दंडाचे आणि जाचाचे होते. पण संप मिटताना मालकांनी जे मान्य केले त्यात एक कलम असे होते, की जेवायला वेगळी खोली मिळेल. हे कलम लक्षात ठेवण्यासारखे आहे. तोवर त्या मुली कामाच्या जागीच, फॉस्फरसाच्या वाफेत बसून भाकरतुकडा खात होत्या. घासाबरोबर विष पोटात जात होते.

आता प्रश्न असा, की जबडा सडण्याचा हा रोग शेवटी गेला कसा? मालक म्हणत होते, हात धुवा, दातांची काळजी घ्या, दात दुखणाऱ्याला कामावर घेऊ नका. हे सारे उपाय झाले, पण रोग हटला नाही. तो हटला तेव्हा हटला, जेव्हा पांढरा फॉस्फरसच बंद झाला. फिनलंडने १८७२ मध्ये आणि डेन्मार्कने १८७४ मध्ये त्यावर बंदी घातली होती. १९०६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे निरनिराळ्या देशांनी एकत्र येऊन तसा करार केला. १९०८ मध्ये इंग्लंडने कायदा केला, आणि १९१३ मध्ये आपल्या देशातही पांढऱ्या फॉस्फरसाच्या काड्या आणणे, बनवणे आणि विकणे यांवर बंदी घालणारा कायदा आला. त्या काळी आपल्याकडच्या काडेपेट्या बहुतेक स्वीडन-जपानहून येत. अंबरनाथचा मोठा काडेपेटी कारखाना निघाला तो त्यानंतर, १९२० च्या दशकात. म्हणजे तेथल्या कामगारांना त्या भयंकर रोगाची ओळख होण्याआधीच त्याचे मूळ कायद्याने उपटले गेले होते.

शिक्षक मित्रांनो, या गोष्टीचे तात्पर्य मुलांना चुलीच्या उदाहरणाने सांगता येईल. स्वयंपाकघरात धूर कोंडतो आणि बाईचे डोळे चुरचुरतात. उपाय तीन. एक, तिला नाकाला पदर लावायला सांगणे. दुसरा, धूर बाहेर नेणारे धुराडे बांधणे. तिसरा, धूर न करणारे जळण आणणे. पहिल्या उपायाला खर्च नाही, पण सारा भार त्या बाईवर. तिसऱ्यात खर्च आहे, पण मग पदराची गरजच उरत नाही. कामाच्या जागी विषापासून रक्षण करण्याचा जगन्मान्य क्रम हाच आहे. आधी विष काढून टाका किंवा त्याच्या जागी सौम्य पदार्थ आणा. ते जमत नसेल तर विष बंदिस्त करा, त्याची वाफ ओढून बाहेर काढा. तेही पुरत नसेल तर, सर्वांत शेवटी, माणसाच्या तोंडाला फडके आणि हाताला मोजे. शेवटचा उपाय वाईट नाही, पण तो शेवटचा आहे. इतिहासात पुष्कळदा त्यालाच पहिला मानले गेले.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ मध्ये झाली. पुढल्या वीस-पंचवीस वर्षांत परळ-लालबागकडे भोंगे वाजू लागले. कोकण-देशावरची माणसे गिरणीत गेली. १८७५ मध्ये गिरण्यांतील स्थितीची चौकशी करायला सरकारने मुंबईत एक समिती नेमली, आणि १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्यात काय होते? सात वर्षांखालील मुलाला कामावर घ्यायचे नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासच काम द्यायचे, आणि धोक्याच्या यंत्राला कुंपण घालायचे. तेही फक्त शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्यात. मोठ्या माणसाच्या कामाच्या तासांविषयी एक अक्षर नव्हते.

ती उणीव बोलून दाखवणारा माणूस म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू' पत्राचे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी समितीकडे दिला. आठवड्याची सुटी मागितली, दुपारची विश्रांती मागितली, जखमी कामगाराला मदत मागितली. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज शाळा-कचेऱ्यांना रविवारची सुटी मिळते तेव्हा लोखंड्यांची आठवण किती जणांना होते?

पण एक गोष्ट पाहा. तास, सुटी आणि यंत्र यांकडे कायद्याचे लक्ष गेले, हवेकडे गेले नाही. यंत्रात हात सापडला तर रक्त दिसते. पिंजणखात्यात वर्षानुवर्षे कापसाची रज छातीत जाऊन दम लागतो, तो मात्र कोणाला दिसत नाही. विषाचेही असेच. ते हळूहळू चढते, आणि माणूस घरी जाऊन अंथरूण धरतो. मग म्हणतात, त्याची प्रकृतीच तोळामासा होती.

हा समज कायद्याने प्रथम मोडला तो १९२३ मध्ये. त्या वर्षी कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्यात अपघातांबरोबर थोड्या रोगांचीही यादी आली. शिशाचे विष आणि फॉस्फरसाचे विष ही त्या यादीतली नावे. अमुक धंद्यात अमुक काळ काम केलेल्याला यांपैकी रोग झाला, तर तो कामातूनच आला असे धरून चालावे, असे कायद्याने सांगितले. रामाझिनीच्या प्रश्नाला सव्वादोनशे वर्षांनी आपल्या कायद्याच्या पुस्तकात जागा मिळाली.

मग स्वातंत्र्य आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा १९४६ मध्ये आली ती त्यांच्या कारकिर्दीत. १९४८ चा फॅक्टरी कायदा १ एप्रिल १९४९ पासून लागू झाला. धूळ आणि विषारी वाफ कामगाराच्या श्वासात जाण्याआधीच, ती उठते तेथून ओढून काढावी, असे या कायद्यात कलम होते. ज्या कामात विषबाधेचा धोका आहे ते 'धोक्याचे काम' म्हणून जाहीर करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. आणि एखाद्या डॉक्टरला कामगारामध्ये शिसे, पारा, फॉस्फरस यांसारख्या विषाचा रोग आढळला, तर त्याने ते कारखाने-निरीक्षकाला कळवलेच पाहिजे, असे बंधन आले. रोग मोजायला सुरुवात झाली. जे मोजले जाते त्याकडे लक्ष द्यावे लागते.

आपला जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला, आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. आपल्याकडे कारखानदारी आली ती मुख्यतः सरकी-जिनिंगची आणि पुढे साखरेची. ढोकीच्या तेरणा कारखान्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. साखर गोड खरी, पण रस निवळायला चुना लागतो आणि गंधक जाळून त्याचा वायू रसातून सोडावा लागतो. गंधकाच्या भट्टीपाशी जो माणूस उभा असतो त्याच्या घशाला त्या धुराचे मोल विचारावे. तरीपण निदान तेथे दारावर पाटी होती, हजेरीपट होता, निरीक्षकाला यायला वाट होती.

आणि येथे, श्रोतेहो, आपण शेताच्या बांधाशी येऊन पोचतो. कारखान्याच्या आत हे रक्षण बांधले जात असतानाच बाहेर एक नवे विष शेतात शिरत होते.

१९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधील पाउल म्यूलर यांना डीडीटीचा कीटकनाशक गुण सापडला. त्याच सुमारास जर्मनीत गेरहार्ट श्राडर हे रसायनशास्त्रज्ञ किडीला मारणारी फॉस्फरसाची नवी संयुगे शोधत होते. शोधता शोधता १९३६ मध्ये त्यांच्या हाती असा एक पदार्थ आला, की तो माणसालाच मारण्यासाठी, युद्धातला विषारी वायू म्हणून उचलला गेला. त्याच कुळातली सौम्य भावंडे पुढे शेतीत आली. पॅराथिऑन हे त्यांतले एक. सौम्य म्हणायचे ते युद्धवायूच्या तुलनेने, एवढेच.

ही विषे काम कशी करतात? आपल्या नसा स्नायूंना निरोप देतात. निरोप पोचला की तो पुसून टाकणारे एक द्रव्य शरीरात असते. या जातीचे विष त्या पुसणाऱ्या द्रव्यालाच बांधून टाकते. मग निरोप पुसलाच जात नाही. घाम सुटतो, लाळ गळते, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, स्नायू थरथरतात, छाती भरून येते, आणि शेवटी श्वास अडतो. आणि मुख्य गोष्ट, हे विष पोटात जायलाच हवे असे नाही. ते कातडीतून आत शिरते. पाठीवरचा पंप गळून सदरा भिजला, तर त्या ओल्या सदऱ्यातूनही शिरते.

या विषाची भारताला पहिली मोठी ओळख १९५८ मध्ये केरळात झाली. एका जहाजातून पिठाची पोती आणि पॅराथिऑनचे डबे बरोबरच आले. डबे गळले, पीठ भिजले, ते लोकांच्या खाण्यात आले आणि शंभरावर माणसे दगावली. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांची नेमणूक झाली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशकांचा कायदा झाला, आणि १९७१ मध्ये त्याचे नियम आले. विष हाताळणाऱ्याला, मग तो कारखान्यातला असो की फवारणारा असो, अंग झाकणारे कपडे मिळावेत, श्वासाचे रक्षण व्हावे, त्याला शिकवण मिळावी, असे या नियमांत लिहिले आहे. डब्यावरचा रंगीत त्रिकोणही याच नियमांनी आला. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा म्हणजे जहाल, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे त्याहून सौम्य. लाल त्रिकोणाच्या वर कवटी आणि हाडे असतात.

नियम चांगला. पण तो पाळला जातो की नाही हे पाहायला शेतात कोण येतो? कारखान्यात एक दार असते, शेताला दार नाही. रोजंदार आज एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. त्याचे नाव कोणत्याही पटावर नाही.

यानंतर डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ झाले. २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. हा वायू कशासाठी लागत होता? कार्बारिल नावाचे कीटकनाशक बनवण्यासाठी. म्हणजे ते विष शेतासाठीच तयार होत होते. त्याच कारखान्यात १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एक कामगार मेला होता. तो इशारा कोणी मनावर घेतला नाही. भोपाळनंतर १९८७ मध्ये फॅक्टरी कायद्यात एक नवे प्रकरण घातले गेले. धोकादायक द्रव्यांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणे मालकावर बंधनकारक झाले. धोका दिसताच तो बोलून दाखवण्याचा कामगाराचा हक्क मान्य झाला. हे मोठे पाऊल होते. पण तेही कारखान्याच्या दारातच थांबले. २०२० मध्ये संसदेने या आणि इतर अशा मिळून तेरा कायद्यांच्या जागी एक संहिता मंजूर केली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिचा रोखही मुख्यतः दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांकडे आहे. जिवावरच्या कामांसाठी ही अट सरकारला सैल करता येते, पण दोन रोजंदार घेऊन फवारणी उरकणारा शेतकरी स्वतःला 'आस्थापना' म्हणवून घेईल असे वाटत नाही.

हे थांबणे किती महाग पडते, ते आपल्याच महाराष्ट्रात २०१७ मध्ये दिसले. यवतमाळ जिल्ह्यात त्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दवाखान्यात दाखल झाले. त्या एका जिल्ह्यात वीसवर माणसे दगावली. कित्येकांच्या डोळ्यांना दिसेनासे झाले. त्या साली कपाशी पुरुषभर उंच वाढली होती. फवारा खाली जाण्याऐवजी तोंडासमोर येत होता. बोंडअळीचा जोर होता, म्हणून दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात. नव्या यंत्रपंपांचे तुषार धुक्यासारखे बारीक. हवा दमट, अंगाला घाम. सरकारने चौकशीसाठी विशेष पथक नेमले, काही औषधांची विक्री त्या भागात तात्पुरती बंद केली.

त्या वेळी एक वाक्य सगळीकडे ऐकू आले. 'शेतकऱ्यांनी तोंडाला मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत.' वाक्य खोटे नव्हते. पण लंडनच्या काडेपेटीवाल्यांचे वाक्य याहून वेगळे होते काय? तेही म्हणत, हात धुवा, दात सांभाळा. भाद्रपदाच्या उकाड्यात, गुडघाभर चिखलात, पाठीवर पंधरा-वीस लिटरचे ओझे घेऊन रबरी पोशाखात दिवस काढता येतो का, हे एकदा करून पाहावे. आणि तो पोशाख आणायचा कोणी? मजुराने आपल्या रोजातून? मास्क लावावाच, त्याबद्दल वाद नाही. पण जिथे पहिली दोन पावले कोणी टाकलीच नाहीत तिथे तिसरे पाऊल चुकले म्हणून मेलेल्याला दोष देणे, हा न्याय नव्हे.

पहिले पाऊल म्हणजे जहाल विष बाजारातूनच काढणे. ते पाऊल आपल्या देशात पडत आहे, फक्त फार उशिरा. ज्याच्यासाठी भोपाळचा वायू बनत होता त्या कार्बारिलवर केंद्र सरकारने बंदी घातली २०१८ मध्ये, चौतीस वर्षांनी. केरळातल्या पॅराथिऑनचे सख्खे भावंड मिथाइल पॅराथिऑन, तेही २०१८ मध्येच बंद झाले, साठ वर्षांनी. बिहारात २०१३ साली शाळेच्या जेवणातून ज्या मोनोक्रोटोफॉसने तेवीस मुले घेतली, त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश निघाला २०२३ मध्ये. काडेपेटीचा फॉस्फरस १९१३ मध्ये एका कायद्याने गेला, हे आठवले की हा उशीर मनाला लागतो.

परदेशात शेतमजुरांनी हे कसे मिळवले तेही थोडे सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या द्राक्षबागांतील मजुरांनी १९६५ मध्ये सेझर चावेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढारीपणाखाली संप केला. तो पाच वर्षे चालला. लोकांनी द्राक्षे विकत घेणे सोडले. शेवटी १९७० मध्ये बागाईतदारांनी जे करार केले त्यांत मजुरीबरोबर, काही जहाल कीटकनाशके बागेत वापरायची नाहीत, अशीही कलमे होती. पुढे १९७४ पासून त्या राज्यात सतत फवारणी करणाऱ्या मजुराच्या रक्ताची तपासणी सुरू झाली. मघाशी सांगितलेले ते पुसणारे द्रव्य रक्तात किती उरले आहे ते मोजायचे, आणि ते फार घटले की त्या माणसाला त्या कामावरून काढून दुसरे काम द्यायचे.

आपल्याही जिल्ह्यात द्राक्षबागा आहेत. महाराष्ट्रातून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात, त्यांत विषाचा अंश ठरलेल्या मर्यादेबाहेर नाही ना हे पाहिले जाते. या कामी पुण्याचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र देखरेख करते. ही व्यवस्था चांगली आहे, आपल्या बागाईतदारांनी ती मेहनतीने सांभाळली आहे. खाणाऱ्याच्या जिवासाठी घडाची तपासणी करता येते, तर फवारणाऱ्याच्या जिवासाठी रक्ताची का करता येऊ नये?

सरकारने काय करावे हे सांगून झाले. आता आपल्या हाती काय आहे ते थोडक्यात सांगतो. दुकानातून औषध घेताना आधी त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल-पिवळ्याऐवजी निळे-हिरवे चालेल का, हे कृषी सहायकाला विचारावे. दुकानदार सांगेल ती तीन औषधे एकत्र कालवू नयेत. हाताने ढवळू नये, काठी घ्यावी. वारा पाठीशी ठेवावा, भर उन्हात फवारू नये. नळी तुंबली तर तोंडाने फुंकू नये. गळका पंप पाठीवर घेऊ नये. मालकाने मजुराला मोजे, तोंडाचे फडके आणि साबण-पाणी द्यावे. ही मेहेरबानी नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे. फवारणीच्या दिवशी मजुराची भाकरी बांधावर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवावी. आणि हात साबणाने धुतल्याशिवाय तंबाखू मळू नये. लंडनच्या त्या मुलींनी जेवायला वेगळी खोली मागितली होती. आपला तळहात हीच ज्याची जेवणाची खोली, त्याने तो जपला पाहिजे. फवारलेल्या रानात दुसऱ्याच दिवशी बायांना खुरपायला पाठवू नये, आणि फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात कालवू नयेत.

कोणाला चक्कर, मळमळ, घाम, धूसर दिसणे असे काही झाले, तर 'ऊन लागलं असेल' म्हणून झाडाखाली निजवू नये. अंगावरचे कपडे उतरवावेत, साबण-पाण्याने अंग धुवावे, आणि लगेच दवाखान्यात न्यावे. १०८ क्रमांकाला फोन करावा. ओकारी काढण्याच्या खटपटीत पडू नये. औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी बरोबर न्यावी, म्हणजे डॉक्टरला विषाची जात कळते. विष कोणते हे कळले की उपचार लवकर होतो.

शिक्षकांना एक विनंती. गावात कोणाला फवारणीने बाधा झाली, तर त्याची नोंद होईल असे पाहा. तारीख, पीक, औषधाचे नाव, कोणत्या दवाखान्यात नेले, एवढे एका वहीत लिहून ठेवले तरी पुरे. ती वही वर्षाअखेर ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि कृषी कार्यालयाला तिची नक्कल द्यावी. कारखान्यातले रोग डॉक्टरांनी कळवावेत असा कायदा झाला, तेव्हाच ते रोग सरकारला दिसू लागले. शेतातली बाधा मात्र अजून पुष्कळदा घरातल्या घरात विरून जाते. वरच्या वर्गातल्या मुलांना डब्यावरची मराठी चिठ्ठी वाचायला लावा. बारीक अक्षरांतली ती चिठ्ठी ज्याच्यासाठी छापली, त्या बापाला ती वाचता येत नसेल, तर मुलाने संध्याकाळी त्याला वाचून दाखवावी. आणि डॉक्टर मंडळींनी पावसाळ्यात आलेल्या प्रत्येक रोग्याला तो तीनशे वर्षांचा जुना प्रश्न विसरू नये: 'बाबा, तू आज काम काय करत होतास?'